गाडी गरम होतेय? पार्ट मागवण्याआधी हे पाच प्रश्न विचारा



होळी झाली की आमच्या गॅरेजचा फोन एकाच वाक्याने वाजायला लागतो. "दादा, गाडी गरम होतेय." समोरचा माणूस पुढे काही सांगत नाही, कारण त्याला वाटतं एवढ्यात सगळं आलं. आणि खरी अडचण अशी आहे की आपल्यातल्या बऱ्याच गॅरेजवाल्यांनाही तसंच वाटतं. फोन ठेवायच्या आत आपण मनातल्या मनात पार्ट ठरवून मोकळे झालेलो असतो.

मीही हेच करायचो. एका गाडीने ती सवय मोडली, आणि चांगली महागात मोडली. व्हिडिओमध्ये मी टेस्ट कशा करायच्या ते दाखवलं, पण त्या गाडीची गोष्ट आणि तिच्यामागचा हिशोब मांडायला वेळ पुरला नाही. म्हणून हा लेख. तुमचं छोटं गॅरेज असेल तर हा तुमच्यासाठी आहेच. पण तुम्ही जुन्या गाडीवर धंदा करत असाल, म्हणजे दूध, भाजी, बेकरीचा माल, डबे पोचवत असाल, तरी शेवटपर्यंत वाचा. मेस्त्रीला नेमकं काय सांगायचं हे कळलं, तर निम्मं काम तिथेच होतं.

बेकरीवाल्या काकांची गाडी

वाईचे एक बेकरीवाले काका आमचे जुने गिऱ्हाईक. मागची सीट काढून टाकलेली मारुती ८००. शेवटची मारुती ८०० तयार झाली जानेवारी २०१४ मध्ये, आणि काकांची तर त्याच्याही बरीच आधीची. पहाटे पाचला पाव, खारी, टोस्ट भरून पसरणी घाटाने पाचगणीला जायचं, हॉटेलांना माल द्यायचा आणि नऊपर्यंत परत. रोजचा हाच रस्ता.

तक्रार एकच होती. वाईत गाडी ठीक, घाटात काटा वर.

पहिल्या वेळी मी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पोराला सांगितलं, "थर्मोस्टॅट काढून टाक." आपल्याकडे हा जुना रामबाण उपाय आहे ना. सहाशे रुपये घेतले. थंडीचे दिवस होते, आठ-दहा दिवस काही फोन आला नाही. दुसऱ्या वेळी रेडिएटर काढून साफ करून बसवला, अठराशे रुपये. तिसऱ्या वेळी वॉटर पंप बदलला, चोवीसशे रुपये. काकांनी एकदाही घासाघीस केली नाही. "तू म्हणतोस तर कर," एवढंच म्हणायचे.

चौथा फोन घाटातूनच आला. बॉनेटमधून वाफ येत होती आणि गाडी स्टार्ट होत नव्हती. टोचन करून आणली. हेड गॅसकेट उडालं होतं, हेडही वाकलं होतं. हेडचं फेसिंग, नवीन गॅसकेट, ऑइल, कूलंट आणि मजुरी धरून साडेनऊ हजारांचं काम.

आता खरी गोष्ट ऐका. गाडी जोडून झाल्यावर, शेजारच्या गॅरेजमधून मागून आणलेला प्रेशर टेस्टर आम्ही रेडिएटरच्या कॅपला लावला. काटा थोडा वर गेला आणि भसकन खाली आला. कॅपचं रबर कडक होऊन चिरलं होतं. दोनशे रुपयांची कॅप!

आणि याची खूण आम्हाला आधी तिन्ही वेळा दिसली होती. प्रत्येक वेळी रिझर्व्हची बाटली काठोकाठ भरलेली आणि रेडिएटर मात्र लिटरभर रिकामा. आम्ही काय केलं? बाटलीतलं पाणी ओतून दिलं आणि रेडिएटर भरून टाकला. बघितलं तिघांनी, विचार कुणीच केला नाही.

हेडच्या कामाचे पैसे मी काकांकडून घेतले नाहीत. तेव्हा ते जे बोलले ते मला अजून आठवतं. म्हणाले, "पैशाचं नाही रे. त्या दिवशी माल पोचला नाही, तर एका हॉटेलवाल्याने दुसऱ्याकडून पाव घेतला. तो परत माझ्याकडे आलाच नाही."

म्हणजे माझ्या अंदाजाची किंमत माझ्या गॅरेजपुरती राहिली नव्हती. दुसऱ्याच्या धंद्यातलं एक गिऱ्हाईक त्यात गेलं होतं.

आधी उष्णतेचा रस्ता समजून घ्या

पेट्रोल इंजिनात जळलेल्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता कूलिंगमधून बाहेर काढावी लागते. तेवढीच सायलेन्सरमधून जाते आणि उरलेल्यातून गाडी चालते. म्हणजे कूलिंग ही इंजिनाची जोडकामाची गोष्ट नाही, रोजचं तेवढंच मोठं काम आहे.

रस्ता साधा आहे. वॉटर पंप कूलंट इंजिनात फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो, त्यामुळे कूलंट आतल्या आत फिरून इंजिन लवकर तापतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना थर्मोस्टॅट उघडायला लागतो आणि कूलंट रेडिएटरकडे जातं. गाडी वेगात असेल तर समोरची हवा रेडिएटर गार करते. गाडी उभी असेल तर ते काम फॅनचं.

आणि या सगळ्यावर बसलेली असते कॅप. तिला आपण नुसतं झाकण समजतो, पण तिच्यात दोन व्हॉल्व्ह असतात. पहिला आतला दाब धरून ठेवतो. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो हाच दाब. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं, पण ०.९ चा दाब धरला तर तेच पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. कूलंट मिसळलं असेल तर आणखी वर. दुसरा व्हॉल्व्ह गाडी गार होताना रिझर्व्हच्या बाटलीतलं कूलंट परत आत ओढून घेतो.

आता काकांची गाडी डोळ्यासमोर आणा. पाचगणीची उंची साधारण १,३०० मीटर. तिथे उघड्या भांड्यात पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. फॅन लागायचं तापमानही बऱ्याच गाड्यांत त्याच सुमाराला असतं. कॅप दाब धरत नसेल, तर फॅन लागायच्या आणि पाणी उकळायच्या तापमानात अंतरच उरत नाही. वर दुसऱ्या गिअरवर माल भरलेली गाडी. पाणी उकळून बाटलीत जाणार, बाटली भरून सांडणार, आणि गार झाल्यावर कॅप ते परत ओढणार नाही, कारण रबर चिरलेलं. रोज थोडं थोडं पाणी कमी होत गेलं. वाईच्या सपाट रस्त्यावर ते जाणवलं नाही, घाटात जाणवलं.

थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि पंप या तिघांचाही यात काही दोष नव्हता.

पाच प्रश्न

आता आमच्याकडे बॉनेट उघडायच्या आधी हे पाच प्रश्न विचारले जातात आणि उत्तरं जॉबकार्डवर लिहिली जातात. लिहायचीच, हे महत्त्वाचं. तोंडी विचारलं तर आपण आपल्याला हवं तेवढंच ऐकतो.

पहिला प्रश्न : कधी गरम होते?

सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये, उभ्या गाडीत गरम होते आणि वेग घेतला की काटा खाली येतो? तर हवा कमी पडतेय. फॅन, फॅनचा रिले, फ्यूज, थर्मो स्विच किंवा वायरिंग बघा.

उभी असताना ठीक आणि हायवेला किंवा घाटात गरम होते? तर हवा आहे, पण कूलंट पुरेसं फिरत नाही किंवा दाब टिकत नाही. रेडिएटर आतून चोंदलेला, पंपाची पाती झिजलेली, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा, खालचा होज दबणारा, नाहीतर कॅप.

स्टार्ट केल्यावर पाच-सात मिनिटांतच गरम? थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, पाणीच नाही किंवा गॅसकेट गेलंय.

फक्त एसी लावल्यावर? कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बॅटरी घालून बघा. दहा-बारा वर्षं जुन्या गाडीत तिथे माती, पालापाचोळा आणि किडे यांची गादी तयार झालेली असते. समोरून बघितलं तर काहीच दिसत नाही.

दुसरा प्रश्न : पाणी कमी होतं का, आणि किती दिवसांत किती?

पाणी कमी होत नसेल तर गळतीचा विषय तात्पुरता बाजूला ठेवा. कमी होत असेल तर ते कुठेतरी जातंय, हवेत गायब होत नाही. जमिनीवर डाग पडतो का? गाडीच्या आत पायाशी गालिचा ओला होतो का? तसं असेल तर हिटरची जाळी बघा. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो का? आणि रिझर्व्हची बाटली भरलेली पण रेडिएटर रिकामा, असं होतं का? हा शेवटचा प्रश्न मला दोनशे रुपयांच्या कॅपने शिकवला.

तिसरा प्रश्न : फॅन लागल्याचा आवाज येतो का?

बऱ्याच मालकांना हे नक्की सांगता येतं. "पूर्वी गाडी बंद केली तरी फॅन थोडा वेळ चालायचा, हल्ली ऐकू येत नाही." हे एक वाक्य तुमचा अर्धा तास वाचवतं.

चौथा प्रश्न : याआधी कुणी काय काम केलंय?

जुन्या गाडीत हा प्रश्न सगळ्यात मोलाचा. थर्मोस्टॅट काढलाय का? फॅन डायरेक्ट केलाय का? रेडिएटर बदललाय का? कूलंटऐवजी बोअरचं पाणी घालतात का? बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, अगदी आपल्या घरातल्या गिझरसारखे. आणि तक्रार एखाद्या कामानंतर लगेच सुरू झाली असेल, तर पहिला संशय त्या कामावर घ्या. कूलंट बदलल्यानंतर गरम व्हायला लागली तर बहुतेक वेळा आत हवा अडकलेली असते.

पाचवा प्रश्न : काटा कसा चढतो?

हळूहळू चढतो, की झटक्यात वर जाऊन झटक्यात खाली येतो? उड्या मारणारा काटा म्हणजे अडकलेली हवा, कमी झालेलं पाणी किंवा सेन्सरच्या वायरचा खेळ. आणि एक धोक्याची गोष्ट लक्षात ठेवा. गरम गाडीत काटा अचानक एकदम खाली आला तर सुटलो असं समजू नका. कूलंट पूर्ण संपलं की सेन्सर पाण्याबाहेर राहतो आणि काही गाड्यांत काटा खोटं सांगायला लागतो. त्या आनंदात गाडी चालवणाऱ्यांची इंजिनं जॅम झालेली मी बघितली आहेत.

टेस्टचा क्रम : फुकटची आधी, खर्चाची शेवटी

प्रश्नांनी संशय दोन-तीन ठिकाणांपर्यंत येतो. त्यानंतर हात लावायचा, आणि तोही क्रमाने. सुरुवात थंड इंजिनावर करा. गरम रेडिएटरची कॅप कधीही उघडू नका. दाब सुटला की आतलं पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. पोरांना हे पहिल्या दिवशी सांगा आणि रोज सांगा.

१. कॅप उघडून पाण्याची पातळी बघा. रंग बघा. गंजाळ, तांबडं पाणी असेल तर आत काय चाललंय ते कळतं. कॅपचं रबर बोटाने दाबून बघा. कडक, चिरलेलं किंवा दबून बसलेलं असेल तर कॅप बदला, आणि त्याच आकड्याची घ्या. जास्त आकड्याची कॅप लावून "मजबूत" करायला जाऊ नका, जुने होज आणि रेडिएटरचे जोड फाटतात.

२. डिपस्टिक आणि ऑइलचं झाकण बघा. ऑइल दुधाळ, कॉफीसारखं झालंय का? फक्त झाकणाला जरासा पांढरा थर असेल तर घाबरू नका, रोज एक-दोन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत पावसाळ्यात तो ओलाव्यानेही येतो. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसलं तर मात्र विषय गंभीर.

३. कॅप उघडी ठेवून थंड इंजिन स्टार्ट करा आणि पाण्याकडे बघत राहा. सुरुवातीला एक-दोन बुडबुडे येऊन थांबले तर अडकलेली हवा. सतत येत राहिले, रेस दिल्यावर वाढले, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय, म्हणजे गॅसकेटचा संशय पक्का. खात्रीसाठी निळ्या द्रवाची गॅस टेस्ट मिळते. पाण्यात जळालेला गॅस असेल तर पेट्रोल गाडीत तो द्रव पिवळा होतो. हेड खोलायच्या आधी ही टेस्ट कराच.

४. कॅप लावून गाडी तापू द्या आणि होज तपासा. थर्मोस्टॅट वरच्या होजपाशी असेल तर तो होज आधी गार राहतो आणि थर्मोस्टॅट उघडला की एकदम गरम होतो. सुरुवातीपासून हळूहळू तापला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा काढलेलाच आहे. काटा वर गेला तरी होज गार, तर थर्मोस्टॅट बंद अडकलाय किंवा पाणी फिरतच नाही. काही गाड्यांत थर्मोस्टॅट इंजिनात पाणी शिरण्याच्या बाजूला असतो, म्हणून आधी तो कुठे आहे ते बघा.

५. रेस देऊन खालचा होज बघा. ही पंपाची ओढण्याची बाजू. होज मऊ पडला असेल तर रेस दिल्यावर चपटा होतो आणि पाणी अडतं. उभ्या गाडीत हे कधीच दिसत नाही, म्हणून हायवेची तक्रार असेल तर ही टेस्ट विसरू नका.

६. फॅन. थर्मो स्विचवाल्या गाडीत स्विचचा कनेक्टर काढून दोन टोकं वायरने जोडा. फॅन लागला तर मोटर, फ्यूज, रिले ठीक, संशय स्विचवर. नाही लागला तर उलट दिशेने शोधा. ईसीयूवाल्या गाडीत हा प्रयोग करू नका, तिथे स्कॅनरवरून फॅन चालवून बघा. हाताने पंखा फिरवायला जाल तर आधी बॅटरीचं टर्मिनल काढा, काही गाड्यांत चावी बंद असतानाही फॅन लागतो.

७. लेझर थर्मामीटर. रेडिएटरच्या जाळीवर ओळीने फिरवा. मध्येच एखादा पट्टा बराच गार लागला तर तिथल्या नळ्या चोंदल्यात. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर हे यंत्र चुकीचं रीडिंग देतं, म्हणून होजच्या काळ्या रबरावर किंवा काळ्या रंगावर मोजा. काटाच खोटा आहे का, तेही यानेच कळतं.

८. प्रेशर टेस्टर. कॅप आणि सिस्टिम दोन्ही तपासा. दाब देऊन दहा मिनिटं थांबा. काटा खाली येतोय आणि बाहेर गळती दिसत नाही, तर पाणी आत कुठेतरी जातंय.

एवढं करूनही काही सापडलं नाही तर कूलिंगच्या बाहेर बघा. इग्निशन टायमिंग मागे गेलंय का, ब्रेक घासतोय का, क्लच घसरतोय का, सायलेन्सर चोंदलाय का. इंजिनावर विनाकारण ओझं पडलं तरी गाडी गरमच होते.

आणि हो, थर्मोस्टॅट काढून टाकायच्या उपायाबद्दल. संशय असेल तर थर्मोस्टॅट काढून गरम पाण्याच्या भांड्यात तपासा. त्याच्यावर छापलेल्या तापमानाला उघडायला लागला तर ठीक, नाहीतर नवीन बसवा. काढून टाकलेल्या गाडीत इंजिन तापायला वेळ लागतो, तोवर पेट्रोल जास्त जातं आणि झीज वाढते. फॅन डायरेक्ट करणंही तसंच. ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर फोडून टाकण्यातला हा प्रकार आहे.

"नुसती वायर बदलली त्याचे चारशे?"

आता धंद्याचं बोलू. या पद्धतीनंतर काही महिन्यांनी एक जुनी सेडान आली. मालकाने येतानाच सांगितलं, "रेडिएटर बदलून टाका, सिग्नलला गरम होते." पूर्वीचा मी असतो तर खूश झालो असतो. गिऱ्हाईक स्वतःच पार्ट मागतंय, मार्जिन चांगलं, नाही कशाला म्हणायचं?

पण पाच प्रश्न विचारले. चौथ्या प्रश्नाला उत्तर आलं, "दोन महिन्यांपूर्वी फॅनची मोटर बदलली." आणि तक्रार कधीपासून? दोन महिन्यांपासून. फॅन चालू केला आणि रेडिएटरच्या पुढे कागद धरला. फॅनने हवा आत ओढायला हवी, म्हणजे कागद जाळीला चिकटायला हवा. तो उलटा उडाला. मोटरच्या दोन वायरी उलट जोडल्या होत्या. फॅन फिरत होता, आवाजही येत होता, पण हवा उलट्या दिशेने ढकलत होता. दोन वायरी बदलल्या, काम संपलं.

मी तपासणीचे चारशे रुपये सांगितले. मालक म्हणाले, "नुसती वायर बदलली त्याचे चारशे?"

मित्रांनो, हा प्रश्न तुम्हालाही येणार. वाद घालू नका, ओशाळूनही जाऊ नका. मी जॉबकार्ड त्यांच्यासमोर ठेवलं. पाच उत्तरं, तपासलेल्या सहा गोष्टी, प्रत्येकीपुढे रीडिंग. मग विचारलं, "साहेब, तुम्ही सांगितल्याप्रमाणे रेडिएटर बदलला असता तर किती बिल झालं असतं, आणि सिग्नलला गाडी गार राहिली असती का?" त्यांनी पैसे दिले. हसून दिले असं म्हणणार नाही, पण दिले, आणि त्या वर्षाची सर्व्हिसिंगही आमच्याकडेच केली.

बीबीएला असताना चुकीच्या कामाची किंमत हा विषय मी परीक्षेपुरता वाचला होता. समजला तो काकांच्या गाडीत. हिशोब बघा. तीन वेळा काम करून मी ४,८०० रुपये घेतले. पार्ट आणि मजुरी वजा जाता हातात राहिले फार तर दोन हजार. हेडच्या कामात ९,५०० माझ्या खिशातून गेले. दोन दिवस एक रॅम्प अडकला. शिवाय एक जुनं गिऱ्हाईक. दुसऱ्या बाजूला प्रेशर टेस्टर, लेझर थर्मामीटर आणि गॅस टेस्टचा किट हे तिन्ही मिळून मला त्या एका हेडच्या कामापेक्षा कमी पैशांत आले.

म्हणून आमच्याकडे आता चार नियम आहेत. तपासणीचे पैसे वेगळे, आणि ते गाडी आत घ्यायच्या आधी सांगायचे. पुढचं काम आमच्याकडे केलं तर मजुरीतून ते वजा. दुसरा, कारण सापडल्याशिवाय पार्टची ऑर्डर नाही. तिसरा, काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात. चौथा, काम झाल्यावर ज्या परिस्थितीत तक्रार होती त्याच परिस्थितीत ट्रायल. घाटात गरम होणारी गाडी गॅरेजसमोर दहा मिनिटं उभी करून "ओके" म्हणायची नाही. हा चौथा नियम मी पहिल्याच वेळी पाळला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

गाडीमालकांसाठी दोन शब्द

रस्त्यात काटा वर जायला लागला तर एसी बंद करा, हिटर फुल चालू करा. उकाडा होईल, पण हिटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो. काटा उतरला नाही किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" हा विचार सगळ्यात महाग पडतो. किमान अर्धा-पाऊण तास कॅपला हात लावू नका. गरम इंजिनावर थंड पाणी ओतू नका, हेड वाकतं किंवा त्याला तडा जातो.

आणि मेस्त्रीकडे गेल्यावर "गरम होते" एवढ्यावर थांबू नका. कधी, कुठे, किती वेळाने, पाणी किती लागलं, आधी काय काम झालं, हे सांगा. जमलं तर आठवडाभर डायरीत लिहून न्या. तेवढं ऐकूनही मेस्त्री न तपासता पार्ट सांगत असेल, तर "कशावरून?" असं शांतपणे विचारा. चांगला मेस्त्री या प्रश्नाने रागावत नाही.

बेकरीवाले काका परत गाडी घेऊन आले नाहीत. मी वाईला गेलो की त्यांच्या दुकानातून खारी घेतो. ते पुडा बांधतात, सुटे पैसे देतात, "बरं चाललंय ना?" विचारतात. गाडीचा विषय ते काढत नाहीत, मीही काढत नाही. आमच्या गॅरेजच्या जॉबकार्डवर मात्र दुसऱ्या प्रश्नाखाली एक ओळ छापलेली आहे : बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा? होय / नाही.

या आठवड्यात एकच काम करा. हे पाच प्रश्न एका कागदावर लिहा, गॅरेजमध्ये फोनच्या शेजारी चिकटवा, आणि पुढचा "गाडी गरम होतेय" असा फोन आला की ते वाचून विचारा. पार्टचं नाव त्यानंतर घ्या.

भेटू पुढच्या लेखात. तोवर काटा मध्यावर राहू द्या!